वाक्याचा धनी कोण?

फिजी हे नाव उच्चारले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उसाचे मळे आणि गिरमिटाची करुण कहाणी उभी राहते. ते स्वाभाविकच आहे. १८७९ च्या मे महिन्यात ‘लिओनिडास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून पहिले मजूर घेऊन त्या बेटांना लागले आणि तेव्हापासून १९१६ पर्यंत साठ हजारांवर भारतीय माणसे तेथे नेण्यात आली. तोताराम सनाढ्य यांचे ‘फिजीद्वीप में मेरे इक्कीस वर्ष’ हे १९१४ सालचे पुस्तक हिंदी प्रांतांत राहणाऱ्या आपल्या वाचकांपैकी काहींनी पाहिलेही असेल. परंतु ही माणसे ज्या किनाऱ्यावर उतरली तेथे त्यांच्या आधीपासून एक भाषा नांदत होती. मलाय आणि मादागास्करची भाषा ज्या विस्तीर्ण कुळात मोडतात त्याच कुळातली ही भाषा. पाच या संख्येला मलाय माणूस ‘लिमा’ म्हणतो आणि फिजीयन माणूसही ‘लिमा’च म्हणतो. या भाषेच्या वाक्यात कोणते पद कोणत्या पदाच्या आधाराने उभे आहे, हे ठरवण्याचा उद्योग गेली पावणेदोनशेहून अधिक वर्षे चालू आहे. तो उद्योग आज यंत्राच्या सोयीसाठी रकाने भरण्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

आपण शाळेत पदपरिस्फोट करीत होतो. ‘रामा पिकलेला आंबा खातो’ या वाक्यातले प्रत्येक पद घ्यावयाचे आणि त्याची जात, त्याचा विकार व त्याचा संबंध सांगावयाचा. ‘पिकलेला’ हे ‘आंबा’ या नामाचे विशेषण, ‘आंबा’ हे ‘खातो’ याचे कर्म, ‘रामा’ हा कर्ता. यातील ‘याचे’, ‘त्याचे’ हे षष्ठीचे शब्द फार महत्त्वाचे आहेत. प्रत्येक पद दुसऱ्या कोणाचे तरी असते. प्रत्येकाला वर कोणी तरी धनी असतो, आणि असे वर वर जात गेले म्हणजे शेवटी एक पद असे उरते की ज्याला वाक्यात कोणी धनी नाही. ते पद कोणते? प्रश्न साधा दिसतो, परंतु फिजीच्या भाषेपुढे ठेवला की त्याचे उत्तर सोपे राहत नाही.

प्रथम अक्षरांची गोष्ट. १८३५ च्या ऑक्टोबरात डेव्हिड कारगिल आणि विल्यम क्रॉस हे दोन वेस्लियन मिशनरी टोंगाहून निघून फिजीच्या पूर्वेकडील लाकेम्बा बेटावर उतरले. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण छापले गेले. कारगिल हा स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचा पदवीधर, भाषांचा चांगला अभ्यासू. फिजीयन लोक ‘ब’ हा ध्वनी एकटा उच्चारीत नाहीत. त्याच्या आधी नेहमी ‘म्’ येतो. तसेच ‘ड’च्या आधी ‘न्’ येतो. इंग्रजी कानाने ऐकून मिशनऱ्यांनी आरंभी अशा ठिकाणी दोन दोन अक्षरे लिहिली. वाचायला शिकणारे फिजीयन लोक अडखळू लागले. त्यांच्या भाषेत प्रत्येक व्यंजनामागून स्वर यावयाचा. त्यामुळे दोन व्यंजने शेजारी दिसली की ते मध्ये एक स्वर घालून वाचीत, आणि ओळखीचा शब्द अनोळखी होऊन जाई. अखेर ‘म्ब’साठी एकच अक्षर, ‘न्ड’साठी एकच, आपल्या ‘ङ’साठी एकच आणि ‘ङ्ग’साठी आणखी एक, अशी योजना ठरली. कारगिलने लिहून ठेवले आहे की हा बदल होताच वाचणाऱ्यांना आनंद झाला आणि आमच्या भाषेचा स्वभाव तुम्हांला आता कळला, असे ते म्हणाले.

इंग्रजाला दोन वाटले ते फिजीयनाला एकच होते. परक्या भाषेची नोंद करताना आपल्या कानाच्या मापाने मोजू नये, हा पहिला धडा असा अक्षरांच्या पायरीवरच मिळाला. आपल्या देवनागरीत ‘ङ’ हे अक्षर शतकानुशतके वर्णमालेत मानाने बसून आहे, पण शब्दाच्या आरंभी त्याला मराठीत कधी काम मिळाले नाही. फिजीत ते मिळते. मुलाला तेथे ‘ङोने’ म्हणतात. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो पुष्कळदा लागणार आहे.

१८३८ च्या अखेरीस छपाईचे यंत्र आले. आरंभी वेगवेगळ्या बेटांच्या बोलींत लहानसहान पुस्तके छापली गेली; परंतु पैसा व माणसे थोडी आणि बोली अनेक, म्हणून १८४३ मध्ये म्बाऊ या प्रबळ राज्याची बोली ग्रंथांसाठी मुक्रर करण्यात आली. १८४७ मध्ये जॉन हंट याने केलेले नव्या कराराचे भाषांतर छापून झाले. अमेरिकन शोधमोहिमेबरोबर १८४० मध्ये आलेला तरुण भाषापंडित होरेशिओ हेल याने मिशनऱ्यांच्या हस्तलिखितांचा आधार घेऊन १८४६ साली या भाषेच्या व्याकरणाची रूपरेषा प्रसिद्ध केली. त्यानंतर १८५० मध्ये डेव्हिड हेझलवूड याचे व्याकरण व कोश व्हीवा बेटावरील मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. १८७२ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती लंडनला निघाली आणि पुढे पुष्कळ वर्षे फिजीला जाणाऱ्या गोऱ्या माणसाच्या हाती तेच पुस्तक असे.

या मंडळींचे श्रम कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांच्याजवळ चौकट होती ती लॅटिनवरून इंग्रजीत आलेली. उपपद, नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद अशी प्रकरणे पाडावयाची आणि समोरच्या भाषेतला माल त्या त्या कोठारात भरावयाचा. १८०५ मध्ये विल्यम कॅरे याने श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण केले तेव्हाही वहिवाट तीच होती. माल बहुतेक भरला जातो. प्रश्न उरतो तो न मावणाऱ्या मालाचा.

आता तो न मावणारा माल पाहू. ‘ए लाको माइ ना ङोने’ म्हणजे ‘मूल आले’. यात ‘लाको’ म्हणजे जाणे, ‘माइ’ म्हणजे इकडे, ‘ना’ हे उपपद आणि ‘ङोने’ म्हणजे मूल. आरंभीचा ‘ए’ हा ‘तो, ती, ते’ या अर्थाचा इवलासा शब्द. आता दोन मुले आली असतील तर ‘एराउ लाको माइ ना ङोने’ म्हणतील. थोडी मुले आली तर ‘एरातोउ लाको माइ ना ङोने’ आणि पुष्कळ आली तर ‘एरा लाको माइ ना ङोने’. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की चारही वाक्यांत मुलाचा शब्द जसाच्या तसा राहिला. एक मूल असो की गावभर मुले असोत, ‘ना ङोने’ला त्याचा पत्ता नाही. संख्या सांगितली ती क्रियापदाच्या उंबरठ्यावर बसलेल्या त्या लहानशा सर्वनामाने.

एवढेच नव्हे, तर ‘एरा लाको माइ’ एवढे म्हटले तरी वाक्य पुरे होते: ‘ते आले’. ‘ना ङोने’ हे पद मागाहून येते ते ‘ते’ म्हणजे कोण, एवढा खुलासा करण्यासाठी. मग कर्ता कोण? ‘एरा’ की ‘ना ङोने’? लॅटिनच्या चौकटीत वाढलेल्या माणसाला नाम हे कर्त्याच्या गादीवर आणि सर्वनाम हे नामाऐवजी येणारे, म्हणजे बदली कामगार, असे वाटते. फिजीत उलट प्रकार दिसतो. सर्वनाम हे कायमचे नोकर आणि नामच गरजेपुरते बोलावलेले.

सकर्मक वाक्यात गुंता वाढतो. ‘ए राइदा ना ङोने ना मारामा’. ‘राइदा’ म्हणजे ‘त्याला पाहिले’, ‘मारामा’ म्हणजे बाई. नेहमीच्या क्रमाने पाहिले तर क्रियापद आधी, मग कर्म, मग कर्ता. म्हणजे बाईने मुलाला पाहिले. परंतु दोन्ही नामांच्या मागे तेच ‘ना’; ‘ने’ नाही की ‘ला’ नाही. संदर्भ तसा असेल तर काही बोलींत याच शब्दांचा अर्थ मुलाने बाईला पाहिले असाही घेता येतो. बोलणारे लोक सहसा घोटाळ्यात पडत नाहीत, कारण दोन्ही नामे एका वाक्यात आणण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. परंतु पदपरिस्फोट करणाराला सुटका नाही. त्याला एकाच्या पुढे ‘कर्ता’ आणि दुसऱ्याच्या पुढे ‘कर्म’ लिहावेच लागते.

कर्माचीही एक गंमत आहे. ‘ङुनु’ म्हणजे पिणे. यांगोना नावाच्या मुळीचे पेय तेथे मानपानाच्या प्रसंगी पितात. ‘ङुनु यांगोना’ म्हणजे यांगोनापान, आपण ‘चहापाणी’ म्हणतो तसे. परंतु ‘ङुनुवा ना यांगोना’ म्हटले की समोर ठेवलेली ती विशिष्ट यांगोना पिणे. दुसऱ्यात क्रियापदाला ‘वा’ हा प्रत्यय लागला, नामाला ‘ना’ हे उपपद मिळाले आणि ते स्वतंत्र कर्म म्हणून उभे राहिले. पहिल्यात ते क्रियेत मिसळून गेले. दोन्ही ठिकाणी ‘यांगोना हे कर्म’ असा एकच शेरा मारला, तर भाषेने काळजीपूर्वक केलेला भेद आपण पुसून टाकतो.

हे सारे परके वाटत असेल तर आता थोडे घरचे पाहू. फिजीयन सर्वनामांत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ असा भेद आहे. इंग्रज व्याकरणकारांना तो मोठ्या नवलाचा वाटला. मराठी माणसाला त्याचे नवल वाटू नये. उलट उत्तरेत नोकरीला असलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने ‘हम’ म्हणताना क्षणभर अडखळल्याचा अनुभव घेतला असेल. यात ऐकणारा आला की नाही आला? फिजीयन माणूस तर आपल्याही पुढे जातो. तुम्ही आणि मी असे दोघे, आपण थोडे जण, आपण सारे, यांसाठी त्याच्याजवळ निरनिराळे शब्द आहेत. ‘थोडे जण’ या वचनातील ‘तोउ’ हा अंश मुळात ‘तीन’ या अर्थाच्या शब्दातून आला. त्यामुळे काही जुन्या व्याकरणकारांनी त्याला त्रिवचन म्हटले. प्रत्यक्षात ते तिघांपुरते नाही, मोजक्या मंडळींसाठी आहे.

दुसरे उदाहरण नकाराचे. ‘सेङा’ म्हणजे नाही. ‘ए सेङा ना वाइ’ म्हणजे ‘पाणी नाही’. येथे ‘सेङा’ हेच विधेय आहे, वाक्याचा कणाच आहे. ‘ए सेङा नी लाको माइ ना ङोने’ म्हणजे ‘मूल येत नाही’. शब्दशः पाहिले तर ‘नाही, की येते, ते मूल’. मुले अनेक असली की ‘एरा सेङा नी लाको माइ ना ङोने’. संख्या दाखवणारे सर्वनाम ‘येणे’ या क्रियेपाशी गेले नाही, ते ‘नाही’च्या पुढे येऊन बसले. इंग्रजाला हे विचित्र वाटेल. त्याचा ‘नॉट’ हा निर्विकार अव्यय आहे. पण आपण काय म्हणतो? ‘मूल येत नाही’, ‘मुले येत नाहीत’. ‘येत’ हलले नाही. अनेकवचन ‘नाहीत’ने घेतले. मराठीतला नकार क्रियापदासारखा चालतो हे आपल्या व्याकरणकारांनी केव्हाच नोंदले आहे. इंग्रजीच्या वाटेने न जाता मराठीच्या वाटेने कोणी फिजीला पोहोचला असता, तर त्याला पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटल्या असत्या.

तिसरे उदाहरण मालकीचे. ‘माझा तारो’ म्हणावयाचे आहे. तारो म्हणजे अळूच्या जातीचा कंद. त्याला तेथे ‘न्दालो’ म्हणतात. तो मी खाण्यासाठी घेतला असेल तर ‘ना केङ्गु न्दालो’, विकण्यासाठी पिकवला असेल तर ‘ना नोङ्गु न्दालो’. पिण्याच्या वस्तूला ‘मेङ्गु’. आणि बाप किंवा हात यांसारख्या, माणसापासून तोडता न येणाऱ्या गोष्टींना हे शब्द न लावता प्रत्ययच जोडावयाचा: ‘तामाङ्गु’, माझा बाप. आपल्या षष्ठीत हे चारही ‘माझा’ एका पंक्तीत बसतात.

विसाव्या शतकात चौकट हळूहळू सैल झाली. १९४१ मध्ये चर्चवर्ड यांचे नवे व्याकरण आणि केपल यांचा नवा कोश निघाला. १९५६ मध्ये मिल्नर यांनी सुवा येथून प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात शब्दांची विभागणी मूळ पदे आणि निपात अशी मांडली. त्यामागे विचार होता. ‘ना तुराङा’ म्हणजे सरदार आणि ‘ए तुराङा’ म्हणजे ‘तो सरदार आहे’. मूळ पद तेच. पुढचा निपात बदलला की नामाचे विधेय होते. जात शब्दाच्या अंगात नाही, त्याच्या जागेत आहे. आपल्या यास्काने नाम आणि आख्यात यांच्याबरोबर निपातालाही स्वतंत्र आसन दिले होते, याची येथे आठवण होते. पुढे हवाईचे आल्बर्ट शुट्झ यांचा मोठा ग्रंथ १९८५ मध्ये आला. १९८८ मध्ये डिक्सन यांनी तावेउनी बेटावरील म्बोउमा बोलीचे व्याकरण प्रसिद्ध केले. ते त्यांनी गावात राहून, लोकांच्या बोलण्यातून रचले होते.

याच काळात पॉल गेराटी यांनी एक अप्रिय पण महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. मिशनऱ्यांच्या भाषांतरांतून आणि पुस्तकांतून जी लेखी भाषा घडली तिला त्यांनी ‘जुनी उच्च फिजीयन’ असे नाव दिले. परक्यांनी घडवलेली ही भाषा लोकांच्या बोलण्याहून ठिकठिकाणी वेगळी होती. तरी शाळेत आणि छापील मजकुरात तीच शुद्ध ठरली. म्हणजे आधी भाषेवरून पुस्तक झाले आणि मग पुस्तकावरून भाषा तपासली जाऊ लागली. नोंद करणाराच्या हातून जे निसटले ते केवळ नोंदीतूनच गेले असे नाही. पुढच्या पिढीच्या मनात ते कमी दर्जाचे ठरले. या एका गोष्टीसाठी तरी पदसंबंधांचा हा सारा खटाटोप केवळ पंडितांचा खेळ नव्हे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाक्यातल्या सर्व पदांचा धनी कोण? युरोपात या प्रश्नाला नवे वळण दिले ते ल्युसिएँ तेनिएर या फ्रेंच पंडिताने. तो १९५४ मध्ये वारला आणि त्याचा ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाक्याचे उद्देश्य आणि विधेय असे दोन समान तुकडे पाडण्याची जुनी रीत त्याने नाकारली. क्रियापद शिरोभागी ठेवावयाचे, त्याच्याखाली कर्ता, कर्म इत्यादी त्याचे आश्रित, त्यांच्याखाली त्यांचे आश्रित, असा वंशवृक्षासारखा आराखडा त्याने काढला.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. ‘चैत्र गावाला जातो’ या वाक्याने जो बोध होतो त्यात मुख्य काय? नैयायिक म्हणतो, प्रथमान्त पदाचा अर्थ मुख्य. जाण्याची कृती ज्याच्या ठायी आहे असा चैत्र. वैयाकरण म्हणतो, व्यापार मुख्य. चैत्र ज्याचा कर्ता आहे असे जाणे. काशीला राहिलेले महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट काळे यांनी अठराव्या शतकाच्या सुमारास आपल्या ‘मंजूषे’त वैयाकरणांची ही बाजू विस्ताराने मांडली. घरापासून दूर, गंगेकाठी बसून या मराठी माणसाने वाक्याच्या धनीपणाचा निवाडा क्रियेच्या बाजूने दिला, ही गोष्ट परप्रांतात निघणाऱ्या या मासिकाच्या वाचकांना विशेष आपुलकीची वाटेल.

पाणिनीने याहून सूक्ष्म एक गोष्ट सांगून ठेवली आहे. विभक्ती कारकाचा अर्थ सांगते ती तो अर्थ अन्यत्र सांगितला गेला नसेल तेव्हाच. ‘गच्छति’ या रूपातल्या प्रत्ययाने कर्ता अगोदरच सांगून टाकला. मग ‘चैत्रः’ या पदाला कर्तेपण सांगण्याचे काम उरत नाही. ते फक्त नाव पुरवते, म्हणून त्याला प्रथमा. हा नियम वाचून पुन्हा फिजीच्या वाक्याकडे पाहावे. ‘एरा लाको माइ’ यात कर्ता सांगून झाला आहे. मागून येणारे ‘ना ङोने’ नाव पुरवते. म्हणूनच त्याला वचनाची खूण लागत नाही आणि कर्त्याचा प्रत्ययही लागत नाही. ‘एरा’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि ‘ति’ हा प्रत्यय, एवढा फरक मान्य केला पाहिजे. पाणिनीला फिजी बेटे ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तरीही लॅटिनच्या चौकटीत जे कोडे होऊन बसले होते, ते या जुन्या नियमाच्या उजेडात पुष्कळसे साधे होते.

आणि आता आजची अवस्था. संगणकाला भाषा शिकवावयाची तर पदपरिस्फोट केलेली वाक्ये त्याला लागतात. आपल्या देशात या कामी पाणिनीच्या कारकांचा उपयोग करण्याचा विचार १९९५ च्या सुमारास ग्रंथरूपाने मांडला गेला आणि हिंदीची वाक्ये त्या पद्धतीने लावण्यात आली. जगातल्या सर्व भाषांसाठी एकच पद्धत असावी म्हणून २०१४ मध्ये ‘युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज’ या नावाने एक सामाईक योजना सुरू झाली. तिच्यात आज दीडशेवर भाषांची वाक्ये जमा आहेत. हिचा नमुना पाहिला तर कोणत्याही कचेरीतल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. प्रत्येक शब्दाला एक ओळ आणि प्रत्येक ओळीत दहा रकाने. पहिल्यात अनुक्रमांक, दुसऱ्यात शब्द, तिसऱ्यात त्याचे मूळ रूप, चौथ्यात जात. सातव्या रकान्यात त्या शब्दाच्या धन्याचा अनुक्रमांक लिहावयाचा आणि आठव्यात त्यांचे नाते. नात्यांची यादी ठरलेली आहे, एकूण सदतीस. ज्या शब्दाला वाक्यात कोणी धनी नाही त्याच्या सातव्या रकान्यात शून्य लिहावयाचे. सर्वांच्या वर बसलेल्याची खूण शून्य, यात तत्त्वज्ञानाला पुष्कळ जागा आहे. परंतु तो मोह येथे आवरलेला बरा.

फिजीयन वाक्य या दहा रकान्यांत बसवू लागले की मागचे सारे प्रश्न पुन्हा उभे राहतात. योजनेचा दंडक असा की अर्थवान शब्द धनी व्हावा आणि नुसते व्याकरणाचे काम करणारे शब्द त्याच्या आश्रयाला जावेत. त्या हिशेबाने ‘ए सेङा नी लाको माइ’ यात शून्य मिळावयाचे ‘लाको’ला आणि ‘सेङा’ त्याचा आश्रित. इंग्रजी वाक्याशेजारी ठेवून पाहण्यास हे सोयीचे. परंतु फिजीयन वाक्याच्या बांधणीत सर्वनाम येऊन बसते ‘सेङा’पाशी, आणि ‘लाको’ त्याच्या मागे ‘नी’ने जोडलेले असते. बांधणीला प्रमाण मानले तर शून्य ‘सेङा’चे. संख्येचेही तसेच. ‘ए रुआ ना ङोने’ म्हणजे ‘मुले दोन आहेत’ हे पूर्ण वाक्य. तेच उचलून ‘मी दोन मुले पाहिली’ या अर्थी ‘आऊ राइदा ए रुआ ना ङोने’ असे म्हणतात. येथे ‘रुआ’, म्हणजे दोन, हे ‘ङोने’चे विशेषण मानावे की ‘ङोने’ला त्याच्या आश्रयाला द्यावे? आणि ‘एरा’ व ‘ना ङोने’ या दोघांचाही हक्क कर्त्याच्या नात्यावर आहे, तो कसा वाटून द्यावा?

प्रस्तुत लेखक केंद्र सरकारच्या एका कचेरीत तक्ते आणि टिपणे यांच्यात दिवस घालवणारा कारकून आहे, आणि आपले पुष्कळ वाचकही त्याच पेशातले आहेत. छापील तक्त्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. तक्ता असल्याशिवाय तुलना होत नाही, बेरीज होत नाही, मुंबईचा आकडा मद्रासच्या आकड्याशेजारी मांडता येत नाही. परंतु तक्ता आखणाराने जे पाहिलेले नसते त्याची रवानगी ‘इतर’ या रकान्यात होते, आणि ‘इतर’मध्ये गेलेल्या गोष्टीची पुढे कोणी विचारपूस करीत नाही. या जागतिक योजनेतही, जेथे नाते ठरत नाही तेथे लावण्यासाठी एक मोघम नाव ठेवलेले आहे. मात्र तिच्या आखणीत एक शहाणपण आहे. सामाईक नात्याच्या पुढे त्या त्या भाषेपुरते पोटनाते जोडण्याची मुभा तीत दिलेली आहे. ‘केङ्गु’, ‘मेङ्गु’, ‘नोङ्गु’ या तिन्हींना वरचे नाव मालकीचे एकच द्यावे, पण पोटात खाण्याची, पिण्याची आणि इतर असा भेद राखावा, म्हणजे तुलनाही साधते आणि भाषेचा स्वभावही राहतो. ‘एरा’ला कर्त्याचे नाते देऊन ‘ना ङोने’ला त्याचा खुलासा करणारे म्हणून वेगळी खूण करता येईल. कोणताही निर्णय घेतला तरी तो शेवटपर्यंत एकसारखा पाळावा आणि का घेतला ते लिहून ठेवावे. चांगल्या दफ्तराचे नियम येथेही लागू पडतात.

याची काळजी कशासाठी करावयाची, असे कोणी विचारील. गेराटी यांनी दाखवलेली गोष्ट हेच त्याचे उत्तर. एकोणिसाव्या शतकात पुस्तकाने भाषेला वळण लावले. आता यंत्र लावील. जी वाक्ये आणि जी नाती आज त्याच्या पुढ्यात ठेवली जातील त्यांवरून ते उद्या लिहील, भाषांतर करील, मुलांच्या चुका काढील. इंग्रजीसारख्या भाषेजवळ वाक्यांचे डोंगर आहेत. तेथे एखादा शेरा चुकला तरी वाहून जातो. ज्या भाषेची मोजकीच वाक्ये लावली जातात तिच्या बाबतीत एका माणसाचा निर्णय हाच नियम होऊन बसतो. मराठीने येथे फार निश्चिंत राहावे अशी स्थिती नाही. त्या जागतिक योजनेत आरंभी मराठीचा जो संच दाखल झाला तो पाचशेहूनही कमी वाक्यांचा, मुख्यतः गोष्टींतून घेतलेला होता. ‘मला भूक लागली’ यात कर्ता कोण, ‘रामाने आंबा खाल्ला’ यात क्रियापद आंब्याच्या लिंगाने का चालते, यावर दादोबांपासून मोरो केशव दामल्यांपर्यंत आपल्या लोकांनी किती शाई खर्च केली आहे! दामल्यांचे शास्त्रीय व्याकरण १९११ साली निघाले. ती चर्चा न वाचता कोणी हे रकाने भरले तर तो वारसा ‘इतर’मध्ये जाईल.

फिजीने आपल्यापरीने पावले टाकली आहेत. तेथील विद्वानांनी फिजीयन शब्दांचा अर्थ फिजीयन भाषेतच सांगणारा कोश सिद्ध केला. २०१३ च्या राज्यघटनेने प्राथमिक शाळांत इतौकेई, म्हणजे फिजीयन, आणि फिजी हिंदी या दोन्ही बोलभाषा सक्तीच्या विषय ठरवल्या. गिरमिटियांच्या वंशजांची मुले आता शाळेच्या बाकावर ‘एराउ’, ‘एरातोउ’, ‘एरा’ म्हणायला शिकतात. त्यांच्या घरच्या भाषेत द्विवचन नाही, अल्पवचन नाही. शिक्षक त्यांना ते कसे समजावून सांगतो, यावर त्या भाषेचे त्यांच्या मनातले चित्र अवलंबून राहील.

लाकेम्बाच्या किनाऱ्यावर अक्षरे सुधारली गेली ती वाचणारे अडखळले आणि लिहिणाराने ते ऐकून घेतले म्हणून. वाक्याच्या नात्यांचे कामही याच मार्गाने जाईल तर निभेल. सातव्या रकान्यातले शून्य कोणाला द्यावयाचे, हे योजना आखणाराने सुचवावे. पण ते ज्याचे वाक्य आहे त्याला विचारल्याशिवाय लिहू नये.